मुंबई ते दुबई: अंतर किती, वेळ किती, आणि हिशेब कसा मांडायचा

रत्नागिरीत माझ्या तिकीट-बुकिंगच्या टेबलासमोर बसलेला माणूस पैसे मोजून झाले की हमखास विचारतो, “विमानाला वेळ किती लागतो हो?” विचारणारा बहुतेकदा पहिल्यांदाच निघालेला असतो. मुलगा आखातात नोकरीला, सून बाळंत होणार, म्हणून आई निघाली. किंवा नवीन नोकरीचा व्हिसा आला, म्हणून विशीतला पोरगा निघाला.

प्रश्न एक असला तरी त्याची उत्तरे तीन आहेत. आईला हवेतला वेळ हवा असतो, म्हणजे चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. तिकिटावर छापलेला वेळ त्याहून मोठा असतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा धरलेला असतो. आणि घर सोडल्यापासून पलीकडच्या घराची बेल वाजेपर्यंतचा जो वेळ, तोच खरा अंगावर येतो. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळा हिशेब एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. उदाहरण मुंबई–दुबईचे घेतले आहे, कारण आमच्याकडची सगळ्यात वहिवाटीची वाट तीच. पद्धत मात्र कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा

शहराच्या नावावर जाऊ नका, तिकिटावरची तीन अक्षरे बघा. प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. मुंबईचा बीओएम. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, कोड मात्र बॉम्बेचाच राहिला. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्याचा कोड एनएमआय. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. कोकणातून येणाऱ्याला तो पनवेलजवळच असल्याने सोयीचा, पण तिकीट बीओएमचे असेल आणि गाडी एनएमआयला जाऊन थांबली, तर मधली खाडी आणि शहरातली ट्रॅफिक ओलांडेपर्यंत काउंटर बंद झालेला असतो.

गोव्याचेही तसेच. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मोपावरून ५ जानेवारी २०२३ ला उड्डाणे सुरू झाली. एक गोव्याच्या दक्षिणेकडे, दुसरा उत्तरेला पेडण्यात. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोपा जवळ, मडगावच्या माणसाला दाबोळी.

दुबईतही मोठा विमानतळ डीएक्सबी आणि दूरचा, नवा डीडब्ल्यूसी असे दोन आहेत. शिवाय दुबईला लागूनच शारजा आहे, त्याचा कोड एसएचजे. शारजाचे तिकीट अनेकदा स्वस्त पडते आणि आपली बरीच माणसे राहतातही तिकडेच. घ्यायला येणाऱ्याला गावाचे नाव सांगून भागत नाही, कोड कळवा.

पायरी २: अंतर काढा

“अंतर” हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. मुंबई–नागपूर घ्या. सीएसएमटीहून रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, आणि आमणे म्हणजे भिवंडी तालुका, त्यामुळे मुंबईपासून तिथवरचे अंतर वेगळे. विमानतळ ते विमानतळ मात्र साधारण ६८० किलोमीटर. यातला कुठलाही आकडा चूक नाही, वाटा वेगळ्या आहेत एवढेच. विमानप्रवासात अंतर म्हटले की पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली सर्वांत जवळची वाट धरतात. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हटलेले सापडेल.

माझ्या टेबलावर शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. त्याच्या स्टँडचा पाय तुटलाय, पण गोल शाबूत आहे. कुणी अमेरिकेला जाणारे आले की मी शिवणाचा दोरा काढते. एक टोक मुंबईवर धरायचे, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. ढिला दोरा अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून जाईल असे वाटते. ताणला की तो आपोआप वर सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, उत्तर युरोप करत ग्रीनलंडच्या बाजूने उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही, कारण गोल कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग फार ताणला जातो. मागच्या महिन्यात एक मावशी दोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग स्वतःच दोरा हातात घेऊन त्यांनी मुंबई–सॅन फ्रान्सिस्को ताणून बघितले. दोरा थेट उत्तर ध्रुवाजवळ गेला. त्यांना मी सांगितले की जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान खरोखरच उत्तर ध्रुवावरून आले आणि कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल त्या विमानाच्या कमांडर होत्या, आणि त्यांच्यासोबतच्या वैमानिकांत एक नाव आकांक्षा सोनवरे. घरात पृथ्वीगोल असेल तर हा प्रयोग जरूर करा, दहा मिनिटांत जे कळते ते नकाशाच्या पुस्तकातून कळत नाही.

आकडा हवा असेल तर सोपा मार्ग म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट. तिथे दोन कोड मधे आडवी रेघ देऊन टाका, अंतर आणि वाट दोन्ही समोर येतात. गूगल मॅप्समध्येही एका ठिकाणावर बोट दाबून धरले की अंतर मोजण्याची सोय मिळते.

पण एकदा तरी कागदावर करून बघा असे मी म्हणेन. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो आणि उत्तरेकडे जाल तसा आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मुंबई विमानतळ १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व. दुबई २५.३ उत्तर, ५५.४ पूर्व. अक्षांशांतला फरक ६.२ अंश, म्हणजे ६८८ किलोमीटर. रेखांशांतला फरक १७.५ अंश. मधला अक्षांश २२.२, त्याचा कोसाइन ०.९२६, म्हणून १७.५ गुणिले ०.९२६ गुणिले १११, म्हणजे साधारण १,८०० किलोमीटर. आता दहावीतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येते सुमारे १,९२७. साइटवरचा आकडाही १,९२६च्या आसपासच दाखवतो.

हा हिशेब जवळच्या अंतरांना उत्तम चालतो. दूरच्यांना चालत नाही. मुंबई–लंडन याच पद्धतीने काढले तर साडेसात हजारांच्या वर जाते, खरे अंतर मात्र ७,२१० किलोमीटरच्या आसपास. साडेतीनशे किलोमीटरची चूक झाली, कारण आपण पृथ्वी सपाट धरली. तिथे दोरा किंवा साइटच वापरा.

वैमानिकांच्या तोंडी किलोमीटर येत नाहीत, सागरी मैल येतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर. मूळ कल्पना अशी की अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. मुंबई–दुबई त्या मापाने सुमारे १,०४०. सीटसमोरच्या पडद्यावर हा आकडा दिसला तर घाबरू नका, विमान चुकीच्या गावी चाललेले नाही.

पायरी ३: अंतरावरून वेळ

आखातात जाणारी बहुतेक विमाने एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची असतात. वर स्थिरावल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. लंडन-अमेरिकेकडची मोठी विमाने, बोइंग ७७७ किंवा ७८७, ताशी ९०० च्या घरात. छोट्या गावांना जोडणारी पंख्याची एटीआर विमाने ताशी ५०० च्या आसपास.

अंतराला वेगाने भागा आणि त्यात ४० ते ४५ मिनिटे मिळवा. ही मिनिटे कसली? चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते, आणि जमिनीवर ते धावपट्टीपर्यंत रांगेतून सरकत जाते. मुंबई–दुबई: १,९२६ भागिले ८३०, म्हणजे २ तास १९ मिनिटे. त्यात ४५ मिळवली की ३ तास ४ मिनिटे. मुंबई–नागपूर: ४९ मिनिटे अधिक ४०, म्हणजे दीड तास. मुंबई–दिल्ली: १,१४० किलोमीटर, म्हणजे १ तास २२ मिनिटे अधिक ४५, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत. आता तिकिटे काढून ताडून बघा, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळतात.

पायरी ४: तिकिटावरचा वेळ वाचा

कॅप्टन घोषणा करतात, “आपला उड्डाणाचा वेळ एक तास पन्नास मिनिटे.” तिकिटावर दोन तास वीस लिहिलेले असते. नवीन माणसाला वाटते विमान लवकर पोहोचणार. नाही. कॅप्टन सांगतात तो हवेतला वेळ, तिकीट सांगते तो ब्लॉक टाइम. उभ्या विमानाच्या चाकांखाली अटकाव लावलेले असतात. ते काढून विमान हलले तिथून मोजणी सुरू होते आणि पलीकडे पुन्हा अटकाव लागले की संपते.

मुंबईत हा फरक जास्त जाणवतो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करता येत नाही. एकीवरच सगळा भार. सकाळी आणि संध्याकाळी विमानांची रांग लागते, आणि उतरणाऱ्यांना कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे कंपन्यांना ठाऊक असते, म्हणून त्या वेळापत्रकातच थोडी मिनिटे वाढवून ठेवतात. पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या दिवसाचे काही तास बंदही ठेवतात. तारीख आधी जाहीर होते, त्या दिवसाचे तिकीट असेल तर वेळ बदलल्याचा मेसेज येतो. मोबाइल नंबर बरोबर दिलाय ना, हे बघून घ्या.

दुबईहून परतताना एक गोष्ट खिडकीतून नक्की बघा. किनारा दिसतो, शहर दिसते, वाटते आता टेकणार. विमान मात्र शहर ओलांडून पूर्वेकडे डोंगरांच्या दिशेने जाते, वळते आणि घाटकोपरच्या बाजूने खाली उतरते. कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते, आणि मुंबईत वारा बहुतांशी समुद्राकडून येतो. हा वळसा पंधरा मिनिटे खाऊ शकतो. मागच्या सीटवरची मंडळी काळजीत पडलेली मी पाहिली आहेत, “उतरायला देत नाहीत की काय?” यात काळजीचे काहीही नाही, रोजचे आहे.

पायरी ५: घड्याळ

इथे थोडे थांबून वाचा, कारण सर्वाधिक चुका इथे होतात.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. निघण्याची वेळ मुंबईची, पोहोचण्याची दुबईची. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालात आणि दुबईला ६:१५ लिहिले आहे. वजाबाकी केली की पावणेदोन तास दिसतात. पण दुबईत ६:१५ वाजतात तेव्हा आपल्याकडे ७:४५ झालेले असतात. म्हणजे खरा वेळ सव्वातीन तास. येताना उलटे. दुबईहून रात्री १०:०५, मुंबईला पहाटे २:३५. दिसायला साडेचार तास, त्यातले दीड वजा, खरे तीन.

माझी पद्धत अशी: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढायच्या, मगच वजाबाकी करायची. दुबईच्या वेळेत दीड तास मिळवा. मस्कतलाही तेवढाच फरक. कतार, बहारीन, कुवेत आणि सौदी अडीच तास मागे. काठमांडू आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

लंडन आणि अमेरिका थोडी अवघड, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळ हलते. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. ब्रिटनमध्ये बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे मधल्या आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्कमधला नेहमीचा फरकही तात्पुरता बदललेला असतो. त्या काळात लंडनमार्गे जाणार असाल तर वेळा तोंडी हिशेबाने ठरवू नका.

एक उदाहरण करून बघू. जानेवारीत मुंबईहून रात्री १:३० ला निघालात, न्यूयॉर्कला सोळा तास लागले. आपल्याकडे संध्याकाळचे ५:३० झाले. त्यातून साडेदहा वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे ७, तारीख तीच. अख्खा दिवस प्रवास करून त्याच सकाळी पोहोचलात. येताना तिथून दुपारी १ वाजता निघून साडेचौदा तास धरले तर मुंबईत दुसऱ्या दिवसाचे दुपारचे २. वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक असे छापलेले असते, त्याचा अर्थ पोहोचण्याची तारीख एक दिवस पुढची.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणाऱ्यांनी हा खरा वेळ डॉक्टरांना दाखवून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. घड्याळात पावणेदोन तास दिसले तरी शरीराचे सव्वातीन झालेले असतात, आणि अमेरिकेच्या वाटेवर हा फरक फार मोठा होतो.

आता मध्यरात्र. आखाताकडची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. काही वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला १५ तारखेच्या ००:४० चे तिकीट काढून दिले. तारीख बरोबर, नाव बरोबर, सगळे बरोबर. ते १५ तारखेच्या रात्री दहा वाजता विमानतळावर पोहोचले. विमान आदल्या रात्री, म्हणजे १४ ची रात्र उलटून चाळीस मिनिटांनी, गेलेले होते. रात्री त्या घरातल्या आजोबांचा फोन आला, आवाज रडवेला. त्यांचे पैसे गेले, मुलाची रजा फुकट गेली. तिकिटावर चूक नव्हती, पण मी ते समजावून सांगितले नव्हते, आणि ते मला अजून लागते. तेव्हापासून रात्री १२ ते ४ मधले प्रत्येक तिकीट देताना मी त्यावर हाताने लिहिते: “१४ ची रात्र. घरून निघायचे १४ ला.” तुम्हीही तुमच्या तिकिटावर हे पेनने लिहा. मोबाइलवर असेल तर घरातल्या कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशेब लिहिता तिथेच.

पायरी ६: वारा आणि वळसे

अंतर तेच, विमानही तेच, तरी जाताना जास्त वेळ आणि येताना कमी का? पुष्कळ लोक सांगतात, पृथ्वी फिरते म्हणून. तसे नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतच उडते. खरे कारण वरचे वारे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा झोत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो उत्तर भारताच्या आसपास सरकतो आणि जोर धरतो.

हिशेब करू. समोरून ताशी ७० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ८३० वरून ७६० वर येतो, आणि १,९२६ किलोमीटरला २ तास ३२ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९००, वेळ २ तास ८ मिनिटे. चोवीस मिनिटांचा फरक झाला. पावसाळ्यात वरच्या वाऱ्यांचे चित्र बदलते, दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो, त्यामुळे हा फरक कमी होतो. वाऱ्याची ताकद किती, तर फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी त्याला सहा-सात तास लागतात.

वळसे दुसऱ्या कारणांनीही पडतात. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. दिल्ली-अमृतसरहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना त्याचा मोठा फटका बसला, कारण त्यांची सरळ वाट तिथूनच जाते. मुंबईहून दुबईची वाट अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जात असल्याने तिच्यावर तसा परिणाम नाही. म्हणून दिल्लीतल्या नातेवाइकाने सांगितलेला वेळ आपल्या तिकिटाला लावू नका.

प्रत्यक्षात किती वेळ लागतोय हे बघायचे असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत तेच विमान कधी सुटले, कधी उतरले, हे दिसते. वेळापत्रकापेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवते. रोज पाऊण तास उशीर करणारे विमान असेल तर पुढचे कनेक्शन, म्हणजे तिथून पकडायचे दुसरे विमान, तसेच ठरवावे.

पायरी ७: मधे थांबून जायचे असेल तर

मुंबई–लंडन थेट ७,२१० किलोमीटर. दुबईमार्गे १,९२६ अधिक सुमारे ५,५००, म्हणजे ७,४२५ च्या आसपास. जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, कारण दुबई जवळपास वाटेवरच आहे. तरी प्रवास तीन-चार तासांनी आणि कधी त्याहूनही वाढतो. दोनदा चढणे, दोनदा उतरणे आणि मधली थांबण्याची वेळ, यांना अंतराशी देणेघेणे नसते. स्वस्त तिकीट दिसले की आधी एकूण कालावधी बघा, मग पैसे. सत्तरीच्या माणसाला तीन हजार रुपये वाचवण्यासाठी नऊ तास खुर्चीवर बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर आहेत ना, हे विचारा. एकाच पीएनआरवर असली तर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकल्यास पुढची सोय लावणे कंपनीचे काम. वेगवेगळी तिकिटे असतील तर नवे तिकीट आपल्या खिशातून. अशा वेळी मधे किमान चार-पाच तास सोडावेत.

पायरी ८: घर ते घर

हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा असतो. पुढच्या आठवड्यात निघालेल्या एका काकूंसाठी मी काल जी चिठ्ठी लिहिली, तीच इथे मांडते. विमान शुक्रवारी पहाटे ४:३० चे. परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे रात्री १:३०. रत्नागिरी ते मुंबई विमानतळ साधारण सव्वातीनशे किलोमीटर. महामार्गाची अवस्था, माणगाव-इंदापूरला अडकणारी गाडी, जेवायला थांबणे हे सगळे धरून मी दहा तास पकडते आणि वर दीड तास राखीव ठेवते. म्हणजे गुरुवारी दुपारी २ ला घर सोडायचे. देशांतर्गत उड्डाण असते तर विमानतळावर दोन तास आधी पुरले असते.

पलीकडे विमान दुबईत ६:१५ ला थांबणार. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यांना तासभर धरा. तिथून शारजातल्या घरी ८ वाजता, म्हणजे आपले साडेनऊ. गुरुवार दुपारी २ ते शुक्रवार सकाळी साडेनऊ, एकूण साडेएकोणीस तास. त्यातले हवेतले पावणेतीन. काकूंनी हे ऐकल्यावर पहिल्यांदा डब्याचा विचार केला, आणि तो बरोबरच होता. वाटेतल्या दहा तासांसाठी पोळी-भाजी न्यायचे ठरले, विमानातल्या पावणेतीन तासांसाठी काही नाही.

चिठ्ठी अशी होती, मोठ्या अक्षरात, पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला:

गुरुवार दुपारी २ – घर सोडायचे.
गुरुवारची रात्र, १:३० – मुंबई विमानतळ (बीओएम, नवी मुंबई नाही).
पहाटे ४:३० – विमान. (गुरुवारची रात्र संपता संपता.)
दुबई ६:१५, म्हणजे आपले ७:४५. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करणे.
रत्नागिरीला घरी फोन सकाळी ८ नंतर, आपल्या वेळेने. त्याआधी फोन आला नाही तर काळजी करू नये.